बत्तीस दातांचं गाऱ्हाणं

धर्माजी वायरमनला तीन हात आहेत, असं मीरा रोडला हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये म्हणत. एका हाताने शिडी धरायची, दुसऱ्यात पक्कड, आणि तिसरा हात म्हणजे तोंड. वायर दातात पकडायची, मान जराशी तिरकी करून हिसका द्यायचा, की वरचं प्लास्टिक सुटून यायचं आणि आतली तांब्याची तार चमकत बाहेर. मग तो प्लास्टिकचा तुकडा थू करून खाली. धर्माजी काम करून गेला की शिडीखाली लाल, पिवळ्या, काळ्या नळकांड्यांचा सडा पडलेला असे. त्यावरून गाळेवाले ओळखत की कोण येऊन गेलं.

वायर सोलायची चांगली पक्कड त्याच्याकडे नव्हती असं नाही. बायकोने, सुलूने, एका दिवाळीत स्वतः जाऊन आणली होती. धर्माजीने दसऱ्याला तिची हळदकुंकू लावून पूजा केली आणि परत खोक्यात ठेवली. "एवढं चांगलं हत्यार रोज वापरून कशाला खराब करायचं?" असं त्याचं म्हणणं. दात मात्र रोज वापरायला हरकत नव्हती. दात फुकटचे होते.

फुकटचे, पण साधे नव्हेत. धर्माजी गुहागरकडच्या एका वाडीचा. वाडीतली तीसेक घरं आता मीरा रोड-भाईंदरात पसरलेली, आणि दर सव्वीस जानेवारीला ती सगळी भाईंदर पूर्वेच्या एका हॉलमध्ये मंडळाच्या सत्यनारायणाला जमत. पूजा भटजी सांगत. पण पूजेनंतर गाऱ्हाणं घालायचा मान धर्माजीचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या वाडीच्या वतीने देवाशी सरळ बोलणं. कुणाचं लग्न अडलंय, कुणाला नोकरी नाही, कुणाच्या पोरीची दहावी आहे, ते नाव घेऊन सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय महाराजा!' म्हणून साथ द्यायची.

हा मान असा कुणालाही मिळत नाही. वाडीचा नेमच होता की गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात हवेत. बत्तीस दातवाल्याचं बोललेलं खरं होतं, ही तिथली पक्की समजूत. एक जरी दात गेला तरी मान दुसऱ्याकडे. सत्त्याण्णव साली आधीच्या मानकऱ्यांची, बाबाजीतात्यांची, समोरच्या दातांची पाटी कोरी झाली, तेव्हा तात्यांनी भर हॉलमध्ये धर्माजीच्या तोंडात बोट घालून दात मोजले आणि जाहीर केलं, "बत्तीस! भरल्यात!"

तेव्हापासून धर्माजीचं बोलणंच बदललं. आपण बोललेलं खरं होणार म्हटल्यावर माणूस घाबरणारच. रस्त्यात कुणी अंगावर गाडी घातली तरी हा "सांभाळून जा, बाबा" म्हणणार. गाळ्यातलं वायरिंग बघून "आग लागेल" असं कधी म्हटलं नाही. "बदललंत तर बरं होईल" एवढंच. सुलूची तर तक्रारच होती. "ह्या माणसाशी भांडायला मजाच येत नाही. मी वाट्टेल ते बोलते आणि हे म्हणतात, तुझं भलं होवो!"

तर अशा ह्या तोंडात, २००५ च्या डिसेंबरात, वरच्या उजव्या बाजूला, सुळ्यामागच्या दाताने दंगा सुरू केला.

आधी गरम चहाने कळ यायची. मग चहाशिवायही यायला लागली. धर्माजीने लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पाकिटं आणली. गोळी खाल्ली की चार तास बरं, मग पुन्हा ठणका. आठवड्याने गाल असा सुजला की गाळेवाले दशरथभाई म्हणाले, "अरे धर्माभाई, मुँह में पूरा लड्डू रखा है क्या? हमको भी दो!"

"डॉक्टरकडे चला," सुलू म्हणाली.

"डॉक्टर म्हणजे दात काढणार."

"काढू दे की मग! एकतीस उरतील ना?"

धर्माजीने तिच्याकडे असं पाहिलं की सुलूने जीभ चावली. एकतीस उरणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. आणि ते माहीत असलेला आणखी एक माणूस होता: बबन. धर्माजीचा चुलतभाऊ, रिक्षावाला. त्याचे दात तंबाखूने चॉकलेटी झालेले, पण संख्येने भरपूर. धर्माजीचा गाल सुजल्याचं त्याला नया नगरच्या नाक्यावर कळलं आणि तो संध्याकाळी रिक्षा घेऊन हजर.

"काय धर्मा, काढलास का?"

"काय काढला?"

"दात रे! असं अंगावर काढू नये. देवाचं काम काय, कुणीतरी करतोच. मी आहे ना!"

बबन गेल्यावर धर्माजीने एकदम दोन गोळ्या खाल्ल्या. तिसरी घ्यायला गेला, तेव्हा सुलूने पाकीटच ओढून घेतलं, त्याच्या पायात चपला सरकवल्या आणि त्याला बेव्हर्ली पार्कच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टर मृणालिनी वयाने लहान होत्या, पण तोंडात आरसा घालताच त्यांचा आवाज हेडमास्तरणीचा झाला.

"काका, तुम्ही शिंपी का? दोरा तोडून तोडून पडतात तशा खाचा पडल्यात दातांना."

"वायरमन," आ केलेल्या तोंडाने धर्माजी म्हणाला.

"वायर दाताने सोलता?"

ह्याचं उत्तर सुलूने दिलं, आणि ते जरा लांबलं.

एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी उजेडासमोर धरून दाखवला. दाताच्या मुळाच्या टोकाशी एक काळसर डाग होता. "हे बघा, इथे पू साठलाय. दात वरून दिसतो तसा आत भरीव नसतो. मधे पोकळी असते आणि ती मुळांच्या टोकापर्यंत बारीक नळीसारखी जाते. त्या नळीत नस असते. तुमच्या ह्या दाताला मुळं दोन, म्हणजे नळ्याही दोन. खाचेतून कीड आत गेली आणि नस सडली."

धर्माजी एकदम सरळ बसला. "म्हणजे भिंतीत कन्सील पाइप आणि आत जळलेली वायर!"

"बरोबर."

"मग मी एवढ्या गोळ्या खाल्ल्या त्या?"

"गोळीचं औषध रक्तातून जातं. ह्या नळीत आता रक्तच फिरत नाही, तर औषध पोचणार कसं? दुखणं तेवढं दबतं, सूज उतरते. पण घाण तिथेच राहते."

"फ्यूज काढला तरी शॉर्ट तिथंच," धर्माजी सुलूला समजावू लागला, जणू तिला इतके दिवस तेच कळत नव्हतं. मग त्याचा आवाज बारीक झाला. "पण दात काढायचा नाही ना?"

"नाही. वरून छोटं भोक पाडायचं, सडलेली नस काढायची, नळ्या धुऊन स्वच्छ करायच्या, त्या भरून बंद करायच्या आणि वर कॅप बसवायची. ह्याला रूट कॅनाल म्हणतात. दात तुमचाच राहतो, जागच्या जागी."

"मोजताना धरतात तो?"

डॉक्टर सुलूकडे बघू लागल्या. सुलूने गाऱ्हाण्याची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी मास्क लावलेला असल्यामुळे त्या हसल्या की नाही ते कळलं नाही. "मी तरी धरते," त्या म्हणाल्या.

भूल दिली. गाल दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा जड झाला. घूंऽ घूंऽ आवाज करत मशीन चाललं, पाण्याचा फवारा उडाला, आणि मग डॉक्टर केसासारख्या बारीक सुया नळीत घालून वरखाली करू लागल्या. धर्माजीने डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात ओठाला काहीतरी गार अडकवल्यासारखं झालं आणि कुठून तरी टीं टीं टीं आवाज यायला लागला. त्याने डोळे उघडले. ओठाला एक हूक, त्यातून निघालेली वायर एका डबीला, डबीतून दुसरी वायर दातातल्या सुईला.

धर्माजीचा हात वर गेला. डॉक्टर थांबल्या. "दुखतंय?"

"क्यॉन्टिन्यूटी?" धर्माजीने विचारलं.

"काय?"

"शर्किट पुरं झालं की वाजतो ना ह्यो?" तोंड उघडं असल्याने शब्द कसेबसे बाहेर पडले.

डॉक्टरांनी डबीकडे पाहिलं, धर्माजीकडे पाहिलं. "हो, तसंच. सुई मुळाच्या टोकाला पोचली की कळतं. नळी किती लांब आहे ते मोजायला."

मग मात्र धर्माजी खुर्चीत असा पसरला की जणू स्वतःच्या घरी आहे. ज्या कामाला मीटर लावतात ते काम अंदाजपंचे नसतं, एवढं त्याला कळत होतं.

उठताना डॉक्टरांनी बजावलं, "नस काढलीय, आत औषध ठेवलंय, वर कच्चं सिमेंट. आठ दिवसांनी यायचं. आता दुखणार नाही, पण दुखत नाही म्हणजे काम झालं असं समजू नका. कॅप बसेपर्यंत त्या दाताने काही चावायचं नाही. आणि वायर तर अजिबात नाही!"

दुखणं खरोखरच थांबलं, आणि घोळ तिथेच झाला.

दुखत होतं तोवर धर्माजीने दाताला जपलं. दुखायचं थांबल्यावर त्याच्यातला वायरमन विचार करायला लागला. नस काढली, म्हणजे कनेक्शन तोडलं. कनेक्शन तोडलं, म्हणजे लाइन डेड. डेड लाइनला हात लावायला कसली भीती? उलट बाकीच्या दातांना थोडं तरी कळतं, ह्याला काहीच कळत नाही. म्हणजे वायर सोलायला ह्याच्यासारखा दात नाही! आठ दिवस झाले, पंधरा झाले. सुलू आठवण करी, हा म्हणे, "टॉवरच्या मीटर रूमचं काम चालू आहे, ते झालं की जातो."

सोळा जानेवारीला दशरथभाईंच्या गाळ्यात नव्या मशीनसाठी जाड वायर टाकायची होती. धर्माजी शिडीवर. वायर त्या डेड दातात पकडली, मान तिरकी केली, हिसका दिला. 'कट्' असा आवाज आला. दुखलं अजिबात नाही. त्याने सवयीप्रमाणे थू केलं.

खाली दशरथभाई उभे होते. ते वाकून बघत म्हणाले, "धर्माभाई, लाल-पीला तो ठीक है, ये सफेद वाला कौन सी कंपनी का है?"

धर्माजी शिडीवरून कसा उतरला ते त्याला आठवत नाही. त्याने तो पांढरा तुकडा उचलला, स्क्रूच्या डबीत ठेवला आणि जिभेने जागा चाचपली. अर्धा दात उभा होता. दहा दिवसांवर पूजा होती.

बातमी बबनपर्यंत दुपारच्या आत गेली. ह्यावेळी तो आला नाही. त्याने नुसता फोन केला आणि मोठ्या मनाने विचारलं, "गाऱ्हाण्याची सुरुवात कशी करतोस रे तू? लिहून देशील का?"

डॉक्टर मृणालिनींनी डबीतला तुकडा चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"काका, मेलेलं लाकूड कसं मोडतं? सुकलेल्या काटकीसारखं. नस गेलेला दात तसाच ठिसूळ होतो. त्यात मी तो आतून पोखरलेला, वर कच्चं सिमेंट. दुखणं हा तुमचा पहारेकरी होता. त्याला मी रजा दिली आणि तुम्ही घर उघडं टाकलंत."

"डॉक्टरबाई, चुकलं," धर्माजी म्हणाला. "राहील का?"

"चीर मुळात उतरली असेल तर काढावाच लागेल. बघू दे."

एक्स-रे झाला. मग एक बारीक सळई घेऊन डॉक्टर दाताभोवतीच्या हिरडीत चारी बाजूंनी चाचपत राहिल्या. सुलूने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तिला गाऱ्हाण्याचं फारसं पडलेलं नव्हतं. पण दरवर्षी पूजेच्या आदल्या दिवशी हा माणूस घराघरांत फोन लावून, 'तुझं काय सांगायचंय देवाला?' असं विचारायचा, वहीत लिहून घ्यायचा आणि मग रात्रभर पाठ करायचा. ते बंद झालं तर हा नुसता वायरमन उरेल, ह्याची तिला भीती वाटत होती.

"नशीब तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "कळस पडलाय, पाया शाबूत आहे."

नळ्या पुन्हा धुतल्या, सुकवल्या. मग रबरासारख्या गुलाबी बारीक काड्या आत घालून त्या टोकापर्यंत घट्ट भरल्या. "रिकाम्या पाइपात पुन्हा पाणी शिरायला नको," डॉक्टर म्हणाल्या, आता त्यांनाही धर्माजीची भाषा यायला लागली होती. पडलेला भाग सिमेंटने उभा केला, माप घेतलं, आणि पंचवीस जानेवारीला संध्याकाळी कॅप बसवली. आरशात दात असा दिसत होता की शेजारचे दातच खोटे वाटावेत.

धर्माजीने सगळी बत्तिशी दाखवत आरशात पाहिलं. "झाले बाबा बत्तीस पुरे!"

"एकतीस," डॉक्टर हात धुता धुता म्हणाल्या.

"काय?"

"एकतीस आहेत ना तुमचे. खालची डावी अक्कलदाढ आलेलीच नाही. पुष्कळांना येत नाही, त्यात काळजीचं काही नाही." त्यांनी कार्ड पुढे केलं. पहिल्या दिवशीच्या नोंदीत, दातांच्या चित्रावर, त्या जागी फुली होती. "तुम्ही काढलेली असेल म्हणून मी विचारलं नाही. काढलीय का कधी?"

धर्माजीने मान हलवली. नाही.

घरी जाताना तो जिभेने खालची डावी बाजू चाचपत राहिला. शेवटी सुलूच म्हणाली, "अहो, कुणाला कळणार आहे? आणि अक्कलदाढ नाही हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे."

"नऊ वर्षं सुलू! नऊ वर्षं मी देवासमोर उभा राहतोय. एकतीस दातांनी!"

"मग? लवूच्या पोरीचं लग्न जमलं ना? चंपाची नोकरी लागली ना?"

"तेच तर. ते कुणाच्या दातांनी झालं?"

सकाळी उजाडताच धर्माजी अंघोळ करून बाबाजीतात्यांकडे गेला. तात्या खाटेवर बसून बशीतल्या चहात कडक बटर बुडवत होते. त्यांच्या दातांची कवळी शेजारी पेल्यात पडलेली.

"तात्या, आज गाऱ्हाणं मी घालत नाही. बबनला सांगा."

"का रं? दात तर बसवलास म्हनं झकास."

"दाताचं नाही, तात्या. मला एकतीसच आहेत. एक दाढ उगवलीच नाही कधी. डॉक्टरनं लिहून ठेवलंय."

तात्यांनी बटर तोंडात टाकला, नीट विरघळू दिला. "म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"मोजलं कुनी? मीच ना? एकतीसच लागलं. दोन डाव मोजलं."

धर्माजी खाटेच्या कडेवर टेकला. "मग बत्तीस कशाला सांगितलंत?"

"मंग काय करू? बत्तीस बबनचे व्हते!" तात्यांनी बशी खाली ठेवली. "त्यो रिक्षा चालवताना दिसाला चाळीस जनांचं वाटोळं करतो तोंडानं. ते खरं व्हायला लागलं असतं तर मीरा रोडात मानूस उरला नसता."

"आणि तुमचे? तुमचे तर होते ना बत्तीस?"

"अठ्ठावीस. माज्या आदी शिवातात्या व्हते, त्यांना तर फुडचे दोन न्हवते. म्हनून तर येवढी मिशी." तात्या हसले तेव्हा तोंडात काहीच नव्हतं, तरी हसणं भरल्या तोंडाचं वाटलं. "धर्मा, बत्तीस हायत म्हटलं की मानूस वरीसभर तोंड सांबाळून बोलतो. तू बोललास ना? मंग झालं. ये हिकडं, आ कर."

धर्माजीने आ केला. तात्यांनी चहाचं बोट धोतराला पुसलं, आत घातलं आणि एकेक दात चाचपत गेले. नव्या कॅपवर नखाने टकटक केलं. "ह्यो बेस झालाय. मूळ तुजंच ना?"

"माझंच."

"मंग धरला."

हॉलमध्ये प्रसादाचा शिरा वाटायला घेण्याआधी बबन उभा राहिलाच. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशातून डोकावणारा कागद. "नेम म्हणजे नेम," तो म्हणाला. "धर्माचा दात मोडलाय, सगळ्यांना माहीत आहे. आधी मोजणी होऊ दे."

"झाली," मागून बाबाजीतात्या म्हणाले. "सकाळीच मोजलं मी."

"किती?"

"का रं? माज्या मोजन्यावर इस्वास न्हाय तुजा?"

नऊ वर्षांपूर्वीची मोजणीही ह्याच बोटाची होती. बबन खाली बसला. धर्माजी पूजेसमोर आला, हात जोडले, घसा खाकरला. एकदा नावं घ्यायला सुरुवात केली की त्याला थांबणं माहीत नव्हतं.

"बा देवा महाराजा! तुझी लेकरं पोटासाठी गाव सोडून इकडं खाडीकाठी आली, आज एका ठिकाणी जमली..."

"होय महाराजा!"

"लवूचा धाकटा मुलगा परीक्षेला बसलाय, त्याला ऐनवेळी सगळं आठवू दे रे महाराजा..."

"होय महाराजा!"

"आमच्या बबनच्या रिक्षाला चांगली भाडी मिळू दे, त्याच्या जिभेवर साखर ठेव रे महाराजा..."

ह्याला बायकांच्या बाजूने जरा जास्तच जोराचं 'होय महाराजा' आलं. बबनसुद्धा हसला. धर्माजीची वही संपली. आता शेवटचं, दरवर्षीचं क्षमेचं वाक्य उरलं होतं. त्याने जोडलेले हात कपाळाला लावले. सुलूने मान वर केली.

"आणि महाराजा, बोलण्यात, चालण्यात," धर्माजीने तात्यांकडे पाहिलं, "मोजण्यात, कुणाकडून काही उणं-अधिक झालं असेल, तर ते लेकराचं समजून पोटात घाल रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळा हॉल म्हणाला. त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर चढलेला होता. घाईत कवळी घरच्या पेल्यातच विसरून आल्यामुळे तो जरा बोबडा येत होता.